हजेरी

खेकड्यांचा कारखाना मार्चमध्ये बंद झाला.
शीतगृहाची किल्ली मी चौकीदाराच्या टेबलावर ठेवली,
एकवीस वर्षं वापरलेली, दाते झिजलेली.
पुंता अरेनासमध्ये थंडी फुकट मिळते,
तरी ती बनवायचा पगार हिला मिळतो,
हा विनोद एराल्दो दर नाताळला करायचा.
त्या वर्षी केला नाही.

भाची म्हणाली, मावशी, तुला कुणी ओळखत नाही.
म्हटलं, अख्खं बंदर ओळखतं.
म्हणाली, बंदराकडेच काम नाही आता.
तिने माझा फोटो काढला, मागे सामुद्रधुनी,
वाऱ्याने केस तोंडावर. तोच ठेवला.
नाव : नोल्फा बारिया. काम : औद्योगिक शीतकरण.
‘स्वतःबद्दल काही लिहू नकोस,’ यानारा म्हणाली,
‘दुसऱ्यांनी लिहिलंय तिथे जा.
रोज तिघांकडे. हजेरी लाव.’

शाळेतसुद्धा मी ती कधी नीट लावली नव्हती.

पहिला महिना नुसती री ओढली.
बुसानच्या कुणा साहेबाला बढती : अभिनंदन.
कुणाच्या कंपनीला दहा वर्षं : अभिनंदन.
फोन स्वतःच शब्द पुढे करायचा,
विमानातल्या मिठाच्या पुड्यांसारखे, आयते.
आठशे वाहवांत माझी आठशे एकावी.
समुद्रात थुंकावं तसं.

मग रॉटरडॅमच्या यूस्ट नावाच्या पोराने
नव्या यंत्रघराची चित्रफीत लावली.
पांढरे पाइप, रंगवलेली जमीन, त्याचं हसू.
खाली टाळ्याच टाळ्या.
मी आवाज वाढवला. फोन कानाला लावला.
तेविसाव्या सेकंदाला, डावीकडच्या कॉम्प्रेसरमध्ये,
खुट्ट.
पुन्हा लावली. पुन्हा खुट्ट.

लिहिलं : सुंदर काम. पण तेविसाव्या सेकंदाला ऐका.
आत द्रव शिरतोय. झडप बघा.
एराल्दो म्हणाला, कशाला नाक खुपसतेस?
तोवर गेलं होतं.

कुणीतरी विचारलं, बारशाला येऊन बाळाचे दोष काढायचे का?
एकोणीस जणांनी त्याला हसरे चेहरे दिले.
दुसऱ्या दिवशी यूस्टने चित्रफीतच काढून टाकली.
मी आठ दिवस फोन पावाच्या डब्यात ठेवला.

नंतर सांगणं सोडलं. विचारू लागले.
तुमच्या दारावर बर्फ कुठल्या बाजूने धरतो?
रात्रपाळीत पंख्याचा आवाज बदलतो का?
भाषांतराचं यंत्र माझ्या वाक्यांचं काय करायचं देव जाणे,
पण आइसलँडच्या एका बाईने खरोखर पट्टी घेऊन
दारावरचा बर्फ मोजला आणि आकडा पाठवला.
वॉल्व्हिस बेच्या तुहाफेनीने चार परिच्छेद लिहिले,
शेवटी, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
मी दोनदा वाचलं.
यानारा विचारायची, किती जण वाढले?
मी म्हणायचे, अडीच इंच.

जुलैत यूस्टचा निरोप आला, एकट्या मला.
झडपच होती.
नमस्कार नाही, आभार नाही.
पावाच्या डब्याचं झाकण मी पुन्हा नीट लावलं,
काही कारण नव्हतं.

सप्टेंबरात पहाटे तीनला फोन वाजला.
तिकडे आठ वाजले होते.
तुहाफेनी जहाजावरून ओरडत होता,
आत चाळीस टन मासे आहेत,
काय होतंय कुणालाच कळत नाही, तू ऐक,
आणि त्याने फोन यंत्राजवळ धरला.

छपराचा पत्रा वाऱ्याने थडथडत होता.
मी डोळे मिटले, दुसरा कान तळव्याने दाबला.
पैशाचं बोलणं अजून झालेलं नव्हतं.
एराल्दो अंधारातच उठला,
काही न विचारता स्वयंपाकघरात गेला
आणि आमचा फ्रीज बंद केला,
त्याची घरघर मध्ये येऊ नये म्हणून.