उसने डोळे

अल्निफला, दुकानामागं कंप्रेसर सुरू झाला
की आई चहाचे ग्लास झाकते.
पुदिन्यावरसुद्धा धूळ.
हद्दूकाका खंदकातून दगड आणतो,
मी दंतवैद्याच्या सुईनं उकलत बसते.

परवा महिनाभर खपून एक ट्रायलोबाइट वर आला.
डोळे मनोऱ्यासारखे उभे,
पाठीमागचंही दिसावं इतके उंच,
आणि वर इवलासा छज्जा, उन्हासाठी.
चाळीस कोटी वर्षं जुनं ऊन!
भिंगं चुनखडीची, आपण भिंतींना फासतो
त्याच जातीची.
पापणी नाही. मिटणं म्हणजे काय,
त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एकाच्या अंगभर काटे :
गिळणाऱ्याच्या घशात अडकायला,
की मऊ गाळात रुतू नये म्हणून?
विचारायला आता कोण उरलंय.
एक भ्यायलेला, गोळा झालेला,
शेपूट डोक्याखाली चपखल,
डब्याला झाकण बसावं तशी.
संकट टळलं हे सांगायला
कुणी आलंच नाही त्याच्याकडे.

आणि हा एक. सपाट, डोकं फावड्याएवढं रुंद,
डोळ्यांच्या जागी काही नाही. खाचसुद्धा नाही.
काका म्हणाला, "आंधळ्याला गिऱ्हाईक नसतं, इत्तो."
गाडीचा पत्रा बुजवायची लांबी घेतली,
दोन डोळे वळले, चिकटवले,
वर काडीनं टोचून टोचून भिंगं केली.
सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "काका, हा तळाच्या अंधारात
चिखलात तोंड खुपसून जेवायचा.
डोळे असते तर त्यांत चिखलच गेला असता.
आपल्या गावात छत्र्या कुठं विकतात?"
तो हसला. खोकला. पुन्हा खंदकात गेला.

त्याची पाठ आता खंदकाच्या उंचीची झालीय.
तळहात असे, की निवडुंगाची फळं
तो नुसत्या हातानं तोडतो.

रात्री मी ते डोळे खरवडून काढले.
सकाळी त्यानं दगड हातात घेतला,
अंगठा फिरवला त्या कोऱ्या कपाळावरून,
बराच वेळ.
किंमत अर्ध्यावर आणली, चिठ्ठी लावली.
मग दार उघडून बाहेर पडला
आणि उन्हात पाऊल टाकताच
त्याचा हात आपोआप
भुवयांवर आडवा झाला.