कार्डाचं माप

कार्ड उघडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि कूलरची टाकी कोरडी.
आठ बारीक स्क्रू आईच्या हळदीच्या वाटीत ठेवले,
एक तरी हरवणार हे धरून.

नागपुरातून सेकंडहँड घेतलेलं हे कार्ड
आख्खा मे महिना एकच महाल जाळतंय.
सोनटक्क्यांच्या कंपनीला चौथ्या अंकात
मागच्या पडद्यावर आग हवी,
मंडईच्या रात्री, धानाच्या बांधीत,
शेवटच्या रांगेत घोंगडी घेऊन बसलेल्यालाही
धग लागावी अशी.
एका फ्रेमला अकरा मिनिटं.
चौऱ्याऐंशी अंशांवर कार्ड धापा टाकतं,
नव्वदीला गप्प होतं.
महाल अर्धा जळून राहतो.

पाण्याने थंड करायचं, इतकं ठरलं.
कोणत्या ब्लॉकने, ते तीन आठवडे ठरत नाही.

एक नुसता चिपेवर बसणारा.
स्वस्त. कुठल्याही कार्डाला चालतो.
पण भोवतीच्या आठ मेमऱ्या उन्हातच राहणार,
पंगतीच्या टोकाला बसलेल्या,
वाढपी ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही.
दुसरा सगळं अंग झाकणारा.
दाम तिप्पट, आणि अट अशी
की कार्ड अगदी तेच हवं.
‘तेच’ म्हणजे काय, ते आज कळलं:
खोक्यावर नाव एक, बोर्डावर शेपटीचा आकडा वेगळा,
आणि कोपऱ्यातला एक कपॅसिटर
फोटोतल्यापेक्षा उंच.
जुळ्यातल्या एकाचा सदरा
दुसऱ्याला काखेत काचावा, तसं.

किती उंच?
त्यासाठी मुखरूकाकांकडे गेले, कार्ड दुपट्ट्यात गुंडाळून.
नाक्यावर छत्तीस वर्षं ट्रॅक्टरचे रेडिएटर उघडणारा माणूस.
हात लावायच्या आधी साबणाने दोनदा हात धुतले त्यांनी.
पोलादी पट्टी आडवी धरली,
टॅपेटच्या पात्या एकेक करून फटीत सरकवल्या,
श्वास रोखून.
‘दीड. वरतून केसभर.’

मग मोबाईलवरचं चित्र बोटांनी मोठं केलं:
तांब्यात कोरलेल्या चिरा, दोऱ्याहून बारीक.
‘बेस हाय. पन बोरचं पानी घालशीन
त दिवारीपावतर चुना बसन.
ब्याटरीवाल्याचं पानी घे.
अन् रेडिएटर जर्मनचा नोको घेऊ, पोरी.
तांबं अन् जर्मन एका पान्यात नांदत नाही.
तांबं बसून रायते, जर्मन झिजते.
म्या पायलं हाय. इंजनातबी,
घरातबी.’
पुढे काही बोलले नाहीत. बत्ती पेटवली,
निळ्या जाळाने कोणाच्या तरी पितळेला डाग देऊ लागले.

पुण्याच्या दुकानदाराला फोनवर माप सांगितलं.
म्हणाला, दीड मिलिमीटरची खाच असलेला एक आहे.
मग विचारलं, खोली किती तापते?
त्रेचाळीस, म्हटलं. सावलीत.
तो थांबला.
पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, मॅडम,
हे त्याने हळू सांगितलं, दवाखान्यातल्या आवाजात.
मला ठाऊक होतं.
ज्याला नव्वदीची सवय,
त्याला पासष्ट म्हणजे पौषाची पहाट.

राहिलं झाकण.
काळं, अपारदर्शक, टणक: तडकत नाही.
की काचेसारखं: जास्त कसलं तर आट्यापाशी चीर.
काळंच शहाणपणाचं.
दुकानदारही तेच म्हणाला, दोनदा.

मी काचेसारखं सांगितलं.
कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं
की चुना बसला तर लगेच दिसेल,
शेवाळ धरलं तर दिसेल.
ते खरंच आहे.
पण खरं म्हणजे, ज्या वेळी नळाला फक्त हवा येते
आणि पडद्यावर महाल जळत असतो,
त्या वेळी टेबलाखाली
वाटीभर पाणी फिरताना मला बघायचंय.

फोन ठेवला. कार्ड परत बंद करायला घेतलं.
वाटीत स्क्रू सात,
पिवळे.