भोंग्याची बॅटरी

मे महिना. गड्डीगोदामचा चौक.
रूबेनकाका भोंग्यातून नरक सांगत होते:
गंधक, अग्नी, रडणे आणि दात खाणे.
सावलीतला रिक्षावाला म्हणाला,
"सेहेचाळीस हाये जी आज. आनखी किती तापवता?"
मला हसू आलं. बॅटरी माझ्या मांडीवर होती.

परतताना भांडलो.
काका, आवाज उतरवा, लोक रस्ता बदलून राहिले.
एक माठ ठेवू. कोणी विचारलं तर बोलू दोन शब्द.
"पाणपोई तर नगरसेवकही लावतो, निवडणुकीच्या तोंडावर."
प्रभूनं विहिरीपाशी पाणी मागितलं होतं, मी म्हटलं,
भोंगा नव्हता नेला.
"आणि मंदिरात?" काका थांबले, घाम पुसला,
"मंदिरात चाबूक नेला होता."
पुढे मोहननगरपर्यंत कोणीच बोललं नाही.

शनिवारी मी माठ ठेवला, वाळा घातलेला.
अकरा जण प्याले.
एकानं विचारलं, बर्फ नाही का.
बाकी कोणी काहीच विचारलं नाही.

रात्री आई भांडी घासता घासता म्हणाली,
तुझा बाप त्याच चौकात पडून असायचा, नालीकडे तोंड करून.
पाणी पाजणारे पुष्कळ होते.
उठला तो रूबेनच्या ओरडण्यानं,
त्याला आईवरून शिव्या देत उठला,
आणि मारायला म्हणून चर्चपर्यंत मागे गेला.

आता बॅटरी चार्जिंगला मीच लावते.
दिवा हिरवा व्हायच्या जरा आधी
काढून ठेवते.
काकांना वाटतं, जुनी झाली.