न घडलेल्याचा रकाना

बेलापूर, तिसरा मजला. निधी आला तेव्हा
आधी एसी आला, मग खुर्च्या,
मग भिंतीएवढे सहा स्क्रीन, आणि सर्वांत शेवटी
आम्ही चौघी.
साहेबांनी विचारलं, मोबाईल चालवता येतो ना?
म्हटलं, पोरगा चालवतो, मी मागून बघते.
साहेब हसले. तेच तर काम आहे, तांडेल.

तेव्हापासून मागून बघते.
तुर्भे, दिघा, रबाळे, कोपरखैरणे.
कोण तलवारीनं केक कापतो,
कोण गाण्यावर ओठ हलवत कुणाच्या बापाला धमकी देतो,
कोण जामीन झाला की बोनेटवर बसून मिरवतो.
मिसरूड फुटायच्या आधी नावापुढे 'भाई',
आणि खाली आत्याची कमेंट :
जेवलास का रे?

यंत्राला शब्द शिकवलेत. कोयता. गेम. टपकवणार.
पहिल्या आठवड्यात यंत्रानं पकडला
सेक्टर पंधराचा शहाळेवाला.
दुसऱ्या आठवड्यात क्रिकेटची एक अख्खी टीम :
'उद्या तुमच्या विकेटा काढतो.'
गाडी गेली, बॅटी जप्त झाल्या,
संध्याकाळी चहा पाजून परत दिल्या.
अहवालात लिहिलं : प्रतिबंधात्मक कारवाई, एक.

हर्षल गोळेनं मात्र काहीच लिहिलं नव्हतं.
माथाडी चाळीतला, एकोणीस वर्षांचा,
बाप कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेतो.
रात्री दीड वाजता त्यानं थोरल्याचा व्हिडिओ टाकला.
मयूर, गच्चीवर, मांजा दातांत धरलेला,
कुणीतरी काहीतरी बोलतं आणि तो हसतो.
बारा सेकंद. बस्स.
यंत्राला त्यात काही सापडलं नाही.
मला तारीख सापडली.
मयूरला जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं.
ज्याच्यावर खटला होता
तो सोमवारीच जामिनावर घरी आला होता.
आणि हर्षलनं स्वतःचा फोटो काढून टाकला होता,
आमच्या करावे गावात खाडीत उतरण्याआधी
माणूस गळ्यातली साखळी काढून ठेवतो
तसा.

मी फोन केला. पावणेतीनला तो सापडला
जुईनगरच्या पुलाखाली, स्कूटर बंद करून बसलेला.
डिकीत जे होतं ते होतं.
ज्याच्यासाठी होतं, तो माणूस त्या रात्री झोपला,
सकाळी उठला, दात घासले असतील,
चहात साखर कमी म्हणून बायकोवर खेकसला असेल.
न घडलेल्या खुनाचा पंचनामा होत नाही.
आमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
पुढच्या वर्षीचा निधी मागायचाय,
साहेब म्हणतात, आकडा द्या.
मी बॅटी धरून सतरा दिला.

हर्षलचं खातं बंद करायची नोटीस मीच टाइप केली होती.

चौथ्या दिवशी त्याची आई आली.
वाटलं, जामिनाचं विचारेल.
तिनं पिशवीतून काच तडकलेला मोबाईल काढला.
म्हणाली, बाई, हितं दिसायचा तो. आता दिसंना झालाय.
मयूरचं हलतं असं एवढंच होतं.
हसतो त्यात. आवाज बी येतो.
तुमच्याकडं असंल न्हवं?

आहे. पुरावा म्हणून. दोन प्रती, एक सीलबंद.
देता येत नाही, हे सांगायला तोंड उघडलं
आणि विचारलं, पाणी घेणार का.

जेवणाची सुट्टी होती. बाकीच्या तिघी खाली गेल्या होत्या.
तिनं चपला दाराबाहेर काढल्या,
मी नको म्हणेपर्यंत.
एसीखाली पदर घट्ट ओढून उभी राहिली
आणि भिंतीवर तिच्या दुप्पट उंचीचा मयूर हसला.

परत लाव, म्हणाली. परत लावला.
कोण बोलतंय गं ह्याला? कशापायी हसतोय?
मी हेडफोन लावून हे वीसदा तरी ऐकलंय.
मागचा आवाज धाकट्याचा आहे.
म्हणतोय, दादा,
ढील दे.