दाढ सोडून

पॉलिसीच्या सतराव्या पानावर, तळाला,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलंय
की माझं अख्खं शरीर त्यांनी सांभाळायला घेतलंय.
मूत्रपिंड, बुबुळं, गुडघ्याची वाटी,
डोक्याची कवटीसुद्धा.
दात सोडून.
अपघातात पडला असेल तर बघू.

आठ वर्षं हप्ता भरला.
बिर्जे एजंट चिकोडीहून फटफटीवर यायचा,
चहा प्यायचा, म्हणायचा, वाजव की गा कॉर्नेट.
मी वाजवायचो.
तेव्हाच त्यानं माझं तोंड नीट बघून घ्यायला हवं होतं.

खालची, डावी, शेवटची.
हाडात आडवी पसरलेली,
रात्रीच्या एस्टीत मागच्या बाकावर
पाय ताणून झोपलेल्या उतारूसारखी.
तिच्या बुडाशी पाण्याची पिशवी, आवळ्याएवढी,
जबडा पोखरत चाललेली.
हिरेमठ डॉक्टर फिल्म उजेडाला धरून
नर्सबाईंना म्हणाले, हल्लु.
ठणक्यात मला ऐकू आलं, हळू.
म्हटलं हळू तर हळू, पण काढा.
जन्म निपाणीत गेला, दाताला कानडीत काय म्हणतात
हे त्या दिवशी तेवढं विसरलो होतो.
अठ्ठावीस हजार. भुलेसकट.

बेळगावात दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलं.
हे म्हणालं, गाठ हाडात आहे, पण कारण दात.
ते म्हणालं, दात आहे, पण चिरायचं हाड.
मधल्या बाकावर मी, गालाला मफलर.
मिरजेला स्वस्तात होतं म्हणतात,
पण कार्ड इकडचं, दवाखाना तिकडचा.
कुणाला यावरून आमच्या भागाची उपमा सुचेल.
सुचू दे.
मला ठणका होता.

बिर्जेनं जिन्यात कानात सांगितलं,
पडलो म्हण. सायकलवरून. अक्कोळ रोडला.
मी वळणसुद्धा ठरवून ठेवलं,
खडी, कुत्रं, वेळ सांजेची.
मेटगुड्ड मॅडमनी पेन उघडून विचारलं,
एल्लि बिद्रि?
कुठं पडलात.
आणि एरवी सुपारी फुटत नव्हती त्या तोंडातून
लख्ख बाहेर आलं :
बिद्दिल्ल री.
नाही पडलो.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
मग चांगल्या मराठीत म्हणाल्या,
मीठपाण्यानं गुळण्या करा, आणि बर्फ लावू नका.

घरी शेवंता एक शब्द बोलली नाही.
तंबाखूच्या वखारीत चौदा बायांची भिशी,
दोन-दोन हजारांची.
पाळी हुसेनबीची होती, तिला पत्रे घालायचे होते.
ती पैसे साडीच्या पिशवीत घेऊन आली,
दारातच उभी राहिली, म्हणाली,
पत्र्याला काय, अजून पावसाला अवकाश हाय.
नोटांना वखारीचा वास होता.
कॅशियरनं मोजताना दोनदा शिंक दिली.

सहा आठवडे फुंकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं.
लग्नं मात्र ठरलेली.
मालक म्हणाला, रांगेत आठ दिसले पाहिजेत, तू नुसता चल.
लाल कोट घातला, टोपी घातली,
ओठाला कॉर्नेट टेकवलं, श्वास नाकानं घेतला,
आणि नेहरू चौकापासून कार्यालयापर्यंत
तीन बोटांनी कळा दाबत गेलो,
प्रत्येक सूर जागच्या जागी,
एकही न वाजवता.
नवरदेवाच्या मामानं खूश होऊन
माझ्याच टोपीत शंभराची नोट खोचली.
ती मी हुसेनबीच्या हिशेबात लिहिली.
शेजारचा क्लॅरिनेटवाला सगळं बघत होता,
काही बोलला नाही. त्याचीही एक दाढ हलतेय.

रात्री खिशात फोन थरथरला.
हप्ता भरण्याची शेवटची तारीख.
जिभेनं टाके चाचपत
मी सतरावं पान पुन्हा काढलं,
या खेपेला जिभेबद्दल काय लिहिलंय ते बघायला.