पन्नास की साठ

इतोइगावात वीज दोन चालींची.
पूर्वेकडचे दिवे पन्नासावर चालतात, पश्चिमेकडचे साठावर,
आणि शीव आमच्या गावाच्या आसपास कुठेतरी.
नक्की कुठे, ते मी कधी विचारलं नाही.
या ट्यूबलाइटखाली पाढे पाठ केले,
पण ती लुकलुकते हे काल कॅमेऱ्यानं सांगितलं.

पडद्यावर काळे पट्टे उतरत होते.
बाबा चाकावर जेड घासत बसलेले,
त्यांच्या कपाळावरून, चष्म्यावरून, मग हातांवरून
एकेक पट्टा, सावकाश.
शटर साठावर होतं, ओसाकाच्या सवयीनं.
पन्नासावर आणलं. पट्टे विरले.
"झालं?"
"अजून नाही."

पांढरा रंग ओळखवायला कोरा कागद मागितला
तर आतून तोफूची वडी घेऊन आले, ताटलीसकट.
"याहून पांढरं घरात काही नाही, ओरिए."
वडीवर कॅमेरा रोखला. खरंच नव्हतं.

मग लॉग.
त्यात सगळं राखेतून काढल्यासारखं दिसतं,
रंग मागाहून भरायचे, निवांत, घरी बसून.
पण हा दगड कोरडा असताना कुणीही लाथाडावा असा,
भिजला की तेवढ्यापुरता हिरवा.
तो हिरवा मी मागाहून कुणाला विचारू?
लॉग बंद केला.
जे दिसतंय ते आत्ताच पक्कं होऊ दे, चुकलं तर चुकलं.

फॉरमॅटपाशी अडले.
दुकानातल्या कुरामोचीनं पावतीच्या पाठीवर चौकोन काढून समजावलेलं:
हलक्यात एक चौकट पुरती ठेवतात,
पुढच्यांचा नुसता फरक,
काय हललं, किती हललं.
जे जागच्या जागी आहे ते पुन्हा लिहीत नाहीत.
जडात प्रत्येक चौकट अथपासून इतिपर्यंत,
कार्ड बघता बघता भरतं.
"घरच्या कामाला हलकं पुष्कळ झालं," म्हणाला.

मी घरी तशीच येते.
वर्षातून एकदा, ओबोनला,
आणि दारातच फरक टिपते: एक दात, फाटकाची नवी कडी,
मांजर नाही.
बाकी मागच्यासारखंच, असं धरून
चपला काढते.

यंदा हात.
उजवा. मांडीवर ठेवला की थरथरतो,
दगड धरून चाकाला टेकवला की गप्प,
चाक थांबलं की पुन्हा सुरू.
"कधीपासून?"
"कशाचं कधीपासून?"

स्थिरीकरण चालू आहे ना, पाहिलं. होतं.
ते माझा कंप काढतं,
त्यांचा त्याला कंप वाटत नाही.
सेकंदाला एकशेवीस चौकटी घेतल्या तर
हात संथ होईल, भरतीतल्या शेवाळासारखा,
देखणासुद्धा दिसेल.
नको.

जड निवडलं. तीस चौकटी, शटर पन्नास.
कोपऱ्यात आकडा आला: चौदा मिनिटं.
"याला आरसा नाही म्हणतात," बाबा म्हणाले, "मग दिसतं कसं?"
मी लाल बटण दाबलं.

चौदा मिनिटं काही घडलं नाही.
चाक फिरलं, पाणी उडालं, दगड तीनदा उलटला,
मध्येच ते थांबले, हात मांडीवर आला, थरथरला,
त्यांनी डाव्या हातानं तो झाकला
आणि काच पुसायला लागले चष्म्याची, जी स्वच्छ होती.
मागे फळी, गंजका डबा, मार्चमध्येच अडकलेलं कॅलेंडर,
यातलं काहीही न हलता
प्रत्येक चौकटीत नव्यानं, सगळंच्या सगळं लिहिलं गेलं.

पडद्यावर दाखवलं.
बाबा नाक लावून पाहत राहिले,
स्वतःकडे नव्हे, हातांकडे तर नव्हेच.
"मागचा नळ गळतोय की," म्हणाले,
आणि पाना शोधायला उठले.

मी कार्ड बदललं.