चौदा नंबरचा झोत

मी छताचा माणूस.
नागोयातल्या या विमा कचेरीत, सातव्या मजल्यावर,
लोक मला बुटांच्या तळव्यांवरून ओळखतात.

पूर्वी इथे सगळ्यांना मिळून एकच आकडा होता: अठ्ठावीस.
पत्रक भिंतीवर, लॅमिनेट केलेलं.
ऑगस्टात होरिउची साहेबांचा शर्ट पाठीला चिकटे.
मग कुणीतरी गुपचूप चोवीसवर आणी,
की खिडकीपाशी कानोको मांडीवर शाल ओढून
दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसे.
मग कुणीतरी गुपचूप परत अठ्ठावीस.
भांडण कधी झालं नाही.
इथे भांडण म्हणजे जरा जोरात मिटलेली फाइल.

यंदा मेजामेजाला झोत बसवले.
मनगटाएवढी नळी, वळवाल तशी वळणारी,
आणि एक छोटं चाक. ज्याची त्याची हवा.
पहिल्या दिवशी साहेबांनी मान मागे टाकून डोळे मिटले,
न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे.

चाकांचा हिशेब तळघरातल्या यंत्रात जमा होतो.
महिनाअखेरी कागद निघतो:
कोणाला किती गार, कधी, किती वेळ.
मी वाचतो. दुसरं कोण वाचणार?
चार नंबर: जेवणानंतर डुलकीपुरता.
नऊ नंबर: चाक महिनाभर हललेलंच नाही,
माणूस समाधानी असेल, नाहीतर लाजरा.
चौदा नंबर: दिवसातून अकरा वेळा
एकदम तळाला, सोळावर.
चार मिनिटं.
मग घाईघाईने बंद.

चौदा म्हणजे मुनाकाताबाई. पन्नाशी नुकती ओलांडलेली.
झोत नव्हते तेव्हा एकदा मागच्या जिन्यात दिसल्या होत्या,
गार कॉफीचा डबा मानेला लावून उभ्या.
मी शिडी घेऊन वर चढत होतो.
"उकडतंय," म्हणाल्या.
फेब्रुवारी होता.

माझ्या घरीही दोन वर्षं हेच चाललं होतं.
मध्यरात्री पांघरूण लाथेने दूर,
आणि थोड्या वेळाने अंधारात तेच चाचपणारा हात.
मी विचारलं होतं, ताप आहे का?
नाही, म्हणाली.
मी कूस बदलली.
तीस वर्षं हवेच्या धंद्यात!

सोमवारी साहेबांनी कागद मागून घेतला.
"हे चौदाचं काय? कोण बसतं तिथे?"
म्हटलं, चाक खराब आहे. आपोआप फिरतं.
"दुरुस्त करा मग."
करतो, म्हटलं.

संध्याकाळी मेजाखाली आडवा झालो.
चाकाला हात लावला नाही.
फक्त मोजणारी तार सोडवली,
टोकाला काळी पट्टी गुंडाळली.
शेजारीच मुनाकाताबाईंची पावलं,
बुटांतून काढून गार फरशीवर टेकवलेली.
"काही बिघाड आहे का?"
"होता. काढला."

आता कागदावर चौदासमोर नुसती रेघ.
वर छतात असलो की ती नळी मधूनच घुमू लागते.
किती वेळ, ते मी मोजत नाही.